मंदोदरीपत्राची मूळ प्रत

शके १७०९, प्लवंगनाम संवत्सर
श्रावण शुद्ध तृतीया

दफ्तरात दिवसभर दुसऱ्यांची पत्रे लिहितो. आजपासून थोडे स्वतःसाठी लिहायचे ठरवले आहे. पुढे लोक माझ्या संग्रहाची हकीकत विचारतील, तेव्हा खरी हकीकत कुठेतरी असलेली बरी.

मी दिगंबर. बावीस वर्षे वाड्यावरच्या दफ्तरात कारकून. माझे मोडी अक्षर पाहून मागच्या फडणिसांनी एकदा "हं" म्हटले होते, आणि ते सहसा तेवढेही म्हणत नसत.

आमच्या पुण्याचे श्यामसुंदरकवी आठ वर्षांमागे, शके १७०१ मध्ये वारले. त्यांची आख्याने कीर्तनात चालतात, बायका दळताना म्हणतात. काव्य ऐकणारे गल्लोगल्ली आहेत, त्यांचे मला कौतुक नाही. मला हवी असते ती कवीच्या हातची पहिली प्रत. अशा पाच पोथ्या आज माझ्या घरी आहेत. वर्षातून एकदा, दसऱ्याला, हातपाय धुऊन बासन सोडतो, पाने मोजतो, शेवटी 'श्यामसुंदरे स्वहस्ते लिहिले' हे वाचतो आणि पुन्हा बांधतो. मधले वाचत नाही. वाचल्याने पाने मळतात.

आज आमचे कुटुंब मंथराचरित गुणगुणत ताक घुसळत होते. एका ठिकाणी मला वाटले की शब्द चुकला, म्हणून तसे सांगितले. कुटुंब म्हणाले, "पोथी उघडून बघा." मी म्हटले, तुला पाठ असेल, पण माझ्याकडे आहे. यावर ते नुसते हसले आणि तोच शब्द म्हणत पुन्हा घुसळू लागले.

श्रावण वद्य द्वितीया

सहावी पोथी मिळाली. शूर्पणखासमजूत. आणणारा अर्थातच गोपाळकृष्ण. हा गृहस्थ आमच्याच पेठेत राहतो, पोथ्या उतरवून देण्याचा धंदा करतो, आणि कवीच्या मूळ प्रती त्याला कुठून सापडतात हे देव जाणे. सहाच्या सहा त्यानेच आणल्या. मोबदल्यात या खेपेला तांब्याची मोठी परात गेली. मागच्या खेपेला समया गेल्या होत्या.

पोथी उत्तम आहे. पानांना धुराचा वास येतो. गोपाळकृष्ण म्हणाला, कवी अग्निहोत्री होते. शाई तर अशी की पान उलटताना अंगठ्याला लागली. अशी शाई आता कुणी करीत नाही.

शेवटची मिती पाहिली. शके १७०३. म्हणजे कवी वारल्यानंतर दोन वर्षांची. थोर माणसांचे मितीकडे लक्ष नसते. माझ्यासारखा कारकून असता तर ही चूक झाली नसती.

कुटुंबाने पोथी नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "आपल्या शेगडीसारखाच वास आहे." पुढे म्हणाले, "आता भाकरीचं पीठ कशात मळू तेवढं सांगा."

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी

बुधवारातल्या आप्पासाहेबांकडे गेलो होतो. एका सरदाराचे ते कारभारी. त्यांच्याकडेही श्यामसुंदरकवीच्या पोथ्या आहेत, पाच. चंदनाच्या फळ्यांत बांधलेल्या. वाचत तेही नाहीत, पण त्यांना वाचायला वेळ नसतो. मी मुद्दाम वाचत नाही. फरक आहे.

त्यांनी आज दहाजणांसमोर जाहीर केले की त्रिपुरी पौर्णिमेला त्यांच्या चौकात सभा भरणार. ज्याच्याकडे कवीची सगळी आख्याने कवीच्या हातची असतील, त्याला शास्त्रीमंडळींच्या पंक्तीत बसवणार आणि पैठणी शेला पांघरणार. मी सांगितले, माझ्याकडे सहा आहेत. आप्पासाहेब पान लावता लावता म्हणाले, "सातवं आहे का? मंदोदरीपत्र? नाही ना. मग सहा काय आणि एक काय."

मंदोदरीपत्र कुणीच पाहिलेले नाही. शेवटच्या वर्षी कवी ते रचत होते एवढेच ऐकिवात आहे. कीर्तनकारांनाही त्याची एक ओळ येत नाही. जगात एकच प्रत असणार, आणि ती मला मिळाली पाहिजे. बावीस वर्षे मी शास्त्र्यांच्या पंक्तीला वाढताना पाहिले आहे, बसलो नाही.

भाद्रपद वद्य षष्ठी

कुटुंब हौदावरून पाण्याबरोबर बातमी घेऊन आले. कवीची बायको जिवंत आहे. इथेच, कसब्यात, कागदीपुऱ्याच्या मागे. तुळजाबाई नाव. गेली आठ वर्षे माझ्या घरापासून दोनशे पावलांवर. ही गोष्ट हौदावरच्या सगळ्या बायकांना ठाऊक होती आणि मला नव्हती, याचा मला राग आला. "तुम्ही पोथ्यांची चौकशी केलीत, माणसांची कुठे केलीत," असे कुटुंब म्हणाले.

भाद्रपद वद्य सप्तमी

तुळजाबाईंकडे जाऊन आलो. साठीच्या असाव्यात. ओटीवर बसून देवळासाठी वाती वळत होत्या. मी कवींची थोरवी सांगू लागलो. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्हाला हवंय काय ते बोला. वाती व्हायच्या आहेत."

मंदोदरीपत्र म्हणताच त्या थांबल्या. मग आत जाऊन लुगड्याच्या फडक्यात बांधलेले एक गाठोडे घेऊन आल्या. त्यांचे बोलणे आठवते तसे लिहितो.

"हे त्यांचं शेवटचं. मला वाचता येत नाही. रोज जेवण झालं की त्या दिवशीचं लिहिलेलं मला म्हणून दाखवायचे. सहा आख्यानं अशी ऐकली. हे मात्र म्हणाले, पुरं झालं की एकदम ऐकवीन. पुरं झालं त्या आठवड्यात ताप आला आणि गेले."

मी विचारले, आठ वर्षांत कुणाकडून वाचून का घेतले नाही?

"ऐकलं की संपलं," त्या म्हणाल्या. "तोवर त्यांचं काहीतरी ऐकायचं शिल्लक आहे, असं होतं. पण आता कार्तिक वद्य पंचमीला काशीला निघते. यात्रेकरूंबरोबर. परत यायची नाही. तेव्हा ऐकून जाते. तुम्ही मला वाचून दाखवा. मग कागद तुमचे."

मोबदला काहीच नाही. मी घाईघाईने हो म्हटले आणि गाठोडे उचलले.

भाद्रपद वद्य अष्टमी

घोर निराशा. गाठोड्यात पोथी नाहीच. जुन्या अर्जांच्या, याद्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर मोडीत खरडलेले बत्तीस कागद. तेलाचे डाग. ओळीमागून ओळ खोडलेली. एका कडेला 'वांगी, मीठ, वातींचा कापूस' असेही लिहिलेले. एवढेच वाचले आणि बांधून ठेवले. मोडीत काव्य कोण लिहितो? मोडीत आम्ही सरकारी पत्रे लिहितो. पोथी बाळबोधच असायची, एकेक अक्षर सुटे आणि सरळ.

बावीस वर्षांत एवढे तरी शिकलो आहे की खाडाखोडीचा कागद म्हणजे मसुदा. दफ्तरात शुद्ध प्रतीवर शिक्का पडला की मसुद्याची किंमत संपते. त्याचे पुठ्ठे करतात, नाहीतर तो लगद्यासाठी कागदीपुऱ्यात जातो. बिचाऱ्या म्हातारीला मसुदा कुठला आणि मूळ प्रत कुठली हे काय कळणार. शुद्ध प्रत तिच्या घरात कुठेतरी पडून असणार, ती हळूहळू काढून घ्यायला हवी.

आश्विन शुद्ध द्वादशी

आप्पासाहेबांच्या चंदनी फळ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. माझ्या पोथ्या नुसत्या बासनात. सभेत शोभणार नाहीत. म्हणून पुठ्ठे करायचे ठरवले, प्रत्येक पोथीला दोन, एकूण बारा. जाड पुठ्ठ्याला थरावर थर द्यावे लागतात. दफ्तरातले रद्दी मसुदे आणले, ते कमी पडले. मग तुळजाबाईंचे बत्तीस कागद घातले. बरोबर पुरले.

कुटुंबाने गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घातले. कागद पाहून हात आखडला. म्हणाले, "हे त्या म्हाताऱ्या बाईंचे ना? वाचून दाखवायचेत ना?" मी समजावले की हे मसुदे आहेत, शुद्ध प्रत सापडली की तीच वाचून दाखवीन, त्यांना जास्त बरे वाटेल. कुटुंब म्हणाले, "मग निदान नजर तरी टाका." मी म्हटले, मला दफ्तराचे काम शिकवू नकोस.

वरून लाल खारव्याचे कापड चढवले. पुठ्ठे सुंदर झाले आहेत. वाजवले तर लाकडासारखे वाजतात.

आश्विन वद्य तृतीया

तुळजाबाईंकडे तिसरी खेप. दर खेपेला त्या विचारतात, "वाचलंत का?" मी सांगतो, वाचतो आहे. आज त्यांनी आणखी विचारले, "कसं आहे?" मी म्हटले, गंभीर आहे. त्या खूश झाल्या. शुद्ध प्रतीचा विषय मात्र आज निघाला नाही, कारण त्यांनी मला दह्यात कालवलेले पोहे दिले आणि मी खात बसलो.

कार्तिक शुद्ध द्वितीया

आज या पानावर खाडाखोड झाली आहे, तशीच ठेवतो.

आज सरळच विचारले, मंदोदरीपत्राची शुद्ध प्रत कुठे ठेवली आहे?

"कसली शुद्ध प्रत?" तुळजाबाई म्हणाल्या. "त्यांना बाळबोध लिहायचा भारी कंटाळा. जन्मात एक ओळ बाळबोधीत लिहिली नाही त्यांनी. मिळेल त्या कागदावर मोडीत भराभरा खरडायचे, खोडायचे, पुन्हा खरडायचे. मग कुणीतरी येऊन ते उतरवून न्यायचा. सहांचं तसं झालं. सातव्याला कुणी आलंच नाही. म्हणून तर ते तुम्हाला दिलं."

मी विचारले, म्हणजे त्या गाठोड्याखेरीज...

"गाठोडं म्हणजेच मंदोदरीपत्र. एवढा दीड महिना तुम्ही काय वाचताय?"

मी म्हटले, तेच.

घरी येऊन पुठ्ठ्यांपुढे बसलो. बारा पुठ्ठे, त्यात कुठेतरी थराथरांत ते बत्तीस कागद, आणि खळ दगडासारखी वाळलेली. कुटुंबाला सांगितले. ते एकच शब्द बोलले, "फाडा." पण फाडले तर कागदही फाटणार. पाण्यात टाकले तर काजळीची शाई धुऊन जाणार. आणि पौर्णिमेला सभा आहे, पुठ्ठ्यांशिवाय पोथ्या नेऊ कशा?

बाळबोधीत जन्मात एक ओळ नाही, असे म्हणाल्या. मग माझ्या सहा पोथ्या बाळबोधीत कशा? म्हाताऱ्या माणसाला सगळे आठवतेच असे नाही.

कार्तिक शुद्ध पंचमी

मार्ग सापडला. तुळजाबाईंना हवे आहे ते ऐकायला. कागद बघायला त्यांना वाचता येत नाही. मंदोदरीने रावणाला लिहिलेले पत्र एवढा विषय ठाऊक आहे. आणि पत्र लिहिण्यात या पुण्यात माझा हात धरणारा कोण आहे?

दफ्तरात बसूनच पहिल्या दहा ओव्या झाल्या. नमुना लिहून ठेवतो.

राजमान्य राजश्री । लंकाधिपती गुणराशी ।
मंदोदरी विनवी तुम्हांसी । विशेष ऐसें ॥
सीता जी आपण आणिली । ती सरकारजमा नाहीं जाहली ।
पोंच तिची न पाठविली । हें ठीक नव्हे ॥

आपलेच म्हणून सांगत नाही, पण सहज आल्या.

कार्तिक शुद्ध दशमी

वाचून दाखवले. चाळीस ओव्या.

ओटीवर शेजारच्या पाचसहा बायकाही येऊन बसल्या होत्या. कवीचे न ऐकलेले आख्यान म्हणून हळदीकुंकवासारखी गर्दी. तुळजाबाई डोळे मिटून, पदर सावरून बसल्या. मी दफ्तरातलेच कोरे कागद फडक्यात बांधून नेले होते, ते समोर धरून म्हटले. आवाज चांगला लागला होता. 'पोंच तिची न पाठविली' याला एक बाई फिसकन हसली. ते भक्तीने नसावे.

संपले तेव्हा तुळजाबाईंनी डोळे उघडले. डोळ्यांतून पाणी येत होते. मला वाटले, जमले. मग त्या म्हणाल्या:

"शेवटी त्यांची बुद्धी गेली होती, दिगंबरपंत. आणि मला कळलंसुद्धा नाही. रोज समोर बसायचे, लिहायचे, मी म्हणायची, काय लिहिताय, तर नुसते हसायचे. मला वाटायचं, मोठं काहीतरी चाललंय."

मी कागद पुन्हा फडक्यात बांधू लागलो.

"आठ वर्षं हे मी उशाशी घेऊन निजले. बरं झालं कुणाला दाखवलं नाही, लोक हसले असते त्यांना. ते कागद तुम्ही ठेवू नका. नदीत सोडा."

घरी येताना मला आधी रागच आला. चाळीस ओव्या, त्यांत एक यमक चुकलेले नाही. बुद्धी गेली म्हणजे काय? पण हे कुणाला सांगता येत नाही. ओव्यांची बाजू घ्यायची तर त्या माझ्या म्हणून सांगाव्या लागतात.

जेवण गेले नाही. कुटुंबाने विचारलेही नाही. सगळे हौदावर ऐकले होते.

कार्तिक शुद्ध त्रयोदशी

दफ्तरातून आलो तर गोपाळकृष्ण ओटीवर बसलेला. हातात लाल बासन. चेहऱ्यावर तेज. म्हणाला, "दिगंबरपंत, नशीब काढलंत. सातवी मिळाली. मंदोदरीपत्र. कवीच्या हातची."

क्षणभर मला खरेच वाटले की शुद्ध प्रत सापडली, तुळजाबाई चुकल्या, मी सुटलो. बासन सोडले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एक पोथी पहिल्या ओळीपासून वाचली.

राजमान्य राजश्री, लंकाधिपती गुणराशी.

चाळीसच्या चाळीस माझ्या. दोन ठिकाणी शब्द बदललेला, तो वाईट बदललेला. खाली 'श्यामसुंदरे स्वहस्ते लिहिले.' बोट ठेवले, शाई लागली. धुराचा वास आला. मी विचारले, कुठे मिळाली? म्हणाला, "पैठणच्या एका जुन्या घराण्यात. साठ वर्षं पेटीत होती." कवी जिवंत असते तर आज त्यांना साठाहून थोडी अधिक वर्षे झाली असती.

त्याची बायको हौदावर पाणी भरते, हे नंतर कुटुंबाने सांगितले. त्या बायकांना एकदा ऐकले की पाठ होते.

मी पोथीकडे बघत बसलो. समया, परात, माझी भिकबाळी, सगळे आठवले. सहा पोथ्या आठवल्या, शके १७०३ आठवले. इतका मूर्ख माणूस सरकारी दफ्तरात बावीस वर्षे कसा टिकला याचे नवल वाटले. गोपाळकृष्ण म्हणत होता, "परवा पौर्णिमा. तुम्ही घेत नसाल तर आप्पासाहेब विचारतातच आहेत."

मी म्हटले, पोथी राहू दे, उद्या सांगतो. लगेच नाही म्हटले नाही, हे इथे लिहून ठेवतो. ही पोथी घेतली की सात होतात. पंक्ती, शेला, सगळे. खोटे आहे हे गोपाळकृष्णाला ठाऊक आणि मला. तो सांगणार नाही. आणि ओव्या तर माझ्याच.

कार्तिक शुद्ध चतुर्दशी

सकाळी दफ्तरात निघालो, पाय कागदीपुऱ्याकडे वळले. आप्पासाहेबांच्या चौकात उद्या तीच पोथी उघडली, कुणीतरी मोठ्याने वाचली, तर सगळे पुणे म्हणेल की श्यामसुंदरकवीची शेवटी बुद्धी गेली होती. आज असे मानणारे एकच माणूस आहे, आणि तेच माणूस मला सहन होत नव्हते.

तुळजाबाई बोचके बांधत होत्या. काशीसाठी दोन लुगडी, एक तांब्या, वातींचा कापूस. मी उभ्यानेच सांगितले, त्या ओव्या माझ्या आहेत.

"तुमच्या?"

मी हो म्हटले.

"सगळ्या?"

चाळीसच्या चाळीस.

त्या बोचक्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवून, डोळ्यांना पदर लावून. "सरकारजमा," म्हणाल्या, आणि पुन्हा हसू लागल्या. मग डोळे पुसून विचारले, "म्हणजे ते शहाणेच गेले?"

मी म्हटले, शहाणेच.

"आणि कागद?"

मी पुठ्ठ्यांचे सांगितले. आता त्या हसल्या नाहीत. चेहरा पडला. मी पायावर डोके ठेवले. त्या म्हणाल्या, "पुरे. त्यानं कागद सुटायचे नाहीत." उठल्या, काठी घेतली. मला वाटले, मारणार, आणि मारले असते तर बरे झाले असते.

"चला," म्हणाल्या. "घर दाखवा."

कार्तिक पौर्णिमा

आप्पासाहेबांच्या चौकात आज सभा झाली. मी गेलो नाही. पोथी गोपाळकृष्णाला परत पाठवली होती. ती त्याने तासाभरात बुधवारात पोचवली, आणि जी सहावी आप्पासाहेबांकडे नव्हती तीही बरोबर दिली. त्यांच्याकडे आता सात झाल्या. मी काल संध्याकाळीच चिठ्ठी लिहून कळवले होते की ती पोथी खोटी आहे, ओव्या माझ्या आहेत. त्यांनी चिठ्ठी नेणाऱ्या माणसाबरोबरच निरोप धाडला: "दिगंबरपंत, एवढ्या चांगल्या ओव्या तुम्हाला सुचल्या असत्या तर तुम्ही कारकून राहिला नसता." दफ्तरातल्या सोबत्याने येऊन सांगितले, शास्त्रीबुवांनी 'पोंच तिची न पाठविली' या ओळीवर घटकाभर विवेचन केले. शेला आप्पासाहेबांनी स्वतःच स्वतःला पांघरला. पोथी कुणी मोठ्याने पुढे वाचली नाही, पाने मळतील म्हणून. तेवढे एक वाचले.

आमच्या घरी दुसरेच चालले होते. मी खारवा काढून एक पुठ्ठा ओल्या फडक्याने पुसून पाहिला तर पहिला कागद शाईसकट फडक्यावर आला. तो गेला. त्यावर काय होते ते आता कुणालाच कळणार नाही. मी तसाच बसून राहिलो. आनंदी, म्हणजे आमचे कुटुंब, म्हणाली, "व्हा बाजूला." तिने चुलीवर पातेल्यात पाणी उकळत ठेवले, वर चाळणी, चाळणीवर पुठ्ठा. अळूच्या वड्या उकडतात तसा. खळ वाफेने मऊ पडते, शाई ओघळत नाही. मग उलथन्याच्या टोकाने एकेक थर सोडवायचा. असा वाफवलेल्या पहिल्या पुठ्ठ्यात नुसते दफ्तराचेच मसुदे निघाले. त्यांत एक माझ्या हातचा होता. कुणाच्या तरी बैलांबद्दल. अक्षर सुरेख होते.

तुळजाबाई चुलीशेजारी बसून आहेत. वाती वळतात. उठत नाहीत.

कार्तिक वद्य तृतीया

रजा मागितली, मिळाली नाही, तरी घरी राहिलो. बारापैकी नऊ पुठ्ठे सुटले. बत्तीसपैकी एकोणीस कागद हाती आले, त्यांतले अकरा वाचता येतील. बाकीचे कागद कागदाला चिकटून गेले किंवा मोरचुदाने हिरवे पडले. सगळे दोरीवर वाळत घातले आहेत, पापडांसारखे. अजून वाचायचे नाही असे तुळजाबाईंनी सांगितले. "सगळे निघू देत," म्हणाल्या. मी त्यांना सांगितले, परवा यात्रेकरू निघतील. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे."

सहा पोथ्या कोपऱ्यात उघड्या पडल्या आहेत. आनंदीने त्यांतले मंथराचरित उचलून दिले आणि म्हणाली, तो शब्द बघा आता. बघितला. तिचाच बरोबर होता.

कार्तिक वद्य चतुर्थी

शेवटचे तीन पुठ्ठे आज दुपारी संपले. एकूण तेरा कागद वाचण्याजोगे. बाकी माझ्या हाताने गेले. हे मी तुळजाबाईंना कसे सांगावे याची उजळणी करीत होतो, तर त्यांनी स्वतःच दोरीवरचे कागद मोजले होते. पाट घेऊन बसल्या, हात मांडीवर ठेवले.

"आता वाचा. सावकाश. आणि तुमचं काही घालू नका."

सर्वांत वरचा कागद घेतला. खाडाखोडीतून वाट काढावी लागते. तीनदा लिहिलेले, तीनदा खोडलेले, चौथ्यांदा तसेच ठेवलेले.

बोलूं जातां शब्द अडे । म्हणोनि लिहितें एवढें ।
तुम्ही असतां मजपुढें । घर कां रितें ॥

मी पुढची ओळ शोधू लागलो. तुळजाबाईंनी हात वर केला. मला वाटले, हेही आवडले नाही.

"हे मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

मला समजले नाही.

"मंदोदरीनं नव्हे, मी. रागानं म्हटलं होतं. तुम्ही समोर बसलेले असता, तरी घर रिकामं का वाटतं, असं. ते लिहीत बसले होते. मान वर केली नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही."

आनंदी चुलीजवळची उठून त्यांच्यापाशी येऊन बसली. तुळजाबाईंनी डोळे पुसले नाहीत. कागद कुठे आहे ते हाताने चाचपून पाहिले आणि पुन्हा मांडीवर हात ठेवले.

"पुन्हा वाचा," म्हणाल्या.